19 जून गावच्या वाचनालयात पाळायचा विचार आहे. कसा पाळावा?

सत्तरीची मास्तरीण

नमस्कार मंडळी.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईजवळच्या एका गावात आमचं छोटं वाचनालय आहे. दरवर्षी 18 जूनला तिथे गोवा क्रांतिदिनाचा कार्यक्रम होतो. 1946 साली मडगावात भर पावसात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी पोर्तुगीजांची सभाबंदी मोडली, ती गोष्ट मुलं दरवर्षी ऐकतात. म्हातारी माणसं येतात, एखादं देशभक्तीपर गीत होतं, चहा-भजी होतात.

माझा भाचा टेक्ससमध्ये असतो. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे 19 जूनला, त्याच्याकडून फोटो येतात. रस्त्यावर मिरवणूक, घोड्यावर बसलेली काळी माणसं, बागेत पेटलेल्या मोठमोठ्या शेगड्या, लाल सरबताचे पेले. ‘जूनटीन्थ’ म्हणतात त्या सणाला. गुलामगिरी संपल्याची बातमी 19 जून 1865 रोजी टेक्ससला पोचली, त्याची ही आठवण. मी हायस्कुलात इतिहास शिकवला. आमच्या पुस्तकात लिंकनने गुलामांना मुक्त केलं, एवढं एक वाक्य होतं. मुक्त झालेली माणसं पुढे काय करत होती, कुठे जमत होती, काय खात-गात होती, त्याचा पत्ताच नव्हता.

यंदा 18 आणि 19 असे दोन्ही दिवस जोडून घ्यावेत असं मी कमिटीत मांडलं. एक सदस्य म्हणाले, अमेरिकेतल्या लोकांचा सण आपण कशाला करायचा? दुसरे लगेच तयार झाले आणि म्हणाले, कर्नाटकातल्या हल्याळहून सिद्दींचं, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या लोकांचं, नाचाचं पथक बोलावूया, लोकांना मजा येईल. पहिल्याचं म्हणणं मला पटलं नाही. दुसऱ्याचं ऐकून तर पोटात कालवलं. पण नेमकं काय करावं हे मला सांगता येईना.

म्हणून दोन गोष्टी विचारते. तिथली साधी माणसं आपापल्या गावात, वस्तीत हा दिवस खरोखर कसा पाळतात? टीव्हीवरचं नको, पाहिलेलं सांगा. आणि गोव्याकडे या बाबतीत स्वतःचं सांगण्यासारखं काय आहे? जुन्या गोव्याला मी मुलांना सहलीला न्यायचे. व्हाइसरॉयच्या कमानीतून आत आलं की जो रस्ता लागतो, तिथे कधीकाळी माणसांचा लिलाव होत असे. मुलांना मी ते सांगायचे तेव्हा ती आधी हसायची, मग गप्प व्हायची. तसं सांगणारी एखादी पाटी मला तरी तिथे कधी दिसली नाही.

सभागृह लहान आहे, पावसाचे दिवस आहेत, आठवी ते दहावीची मुलं आणि साठीपुढची माणसं येतील. त्या बेताने सुचवा.

---

डिचोली ते ह्यूस्टन

बाई, मी मूळची डिचोलीची, आता बरीच वर्षं ह्यूस्टनला आहे. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. माझ्याबरोबरच्या एक काळ्या बाई, वयाने माझ्या आईएवढ्या, मला पहिल्यांदा गॅल्व्हस्टनला घेऊन गेल्या. जे पाहिलं ते लिहिते.

गॅल्व्हस्टन हे ह्यूस्टनपासून तासाभरावरचं समुद्रकाठचं बेट. हवा थेट आपल्यासारखी, घामाने कपडे अंगाला चिकटतात. 19 जून 1865 रोजी जनरल गॉर्डन ग्रेंजर याने तिथे ‘जनरल ऑर्डर क्रमांक 3’ काढली. लिंकनचा जाहीरनामा 1 जानेवारी 1863 चा. म्हणजे कागदावर मुक्त झाल्यावरही अडीच वर्षं टेक्ससमधली सुमारे अडीच लाख माणसं राबत राहिली. बातमी पोचली नाही असं सर्रास सांगतात, पण मालकांना ती ठाऊक होती. जाहीरनामा बजावायला तिथे केंद्र सरकारची फौजच नव्हती, हे खरं कारण. फौज आली तेव्हा हुकूम आला. आणि साऱ्या देशातली गुलामगिरी कायद्याने संपली ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात, तेरावी घटनादुरुस्ती मंजूर झाल्यावर. मुलांना हे नीट सांगा, नाहीतर त्यांना वाटेल की घोडेस्वार वाटेत हरवला होता.

गॅल्व्हस्टनला रीडी चॅपल नावाचं काळ्या लोकांचं जुनं चर्च आहे. जुन्या कोर्टापासून त्या चर्चपर्यंत लोक चालत जातात. मोठा थाटमाट नाही. पुढे चर्चची माणसं, मागे पांढऱ्या कपड्यांतल्या आज्या हातात छत्र्या घेऊन, त्यांच्यामागे पोरंसोरं. तिथे तो हुकूम मोठ्याने वाचतात. अ‍ॅश्टन व्हिला नावाच्या जुन्या वाड्यासमोरही वाचन होतं. आमच्या बाई ओठातल्या ओठात तो म्हणत होत्या, त्यांना पाठ होता. जिथे ग्रेंजरची कचेरी होती त्या जागेजवळ, स्ट्रँड रस्त्याच्या कोपऱ्यावर, 2021 पासून एक भलंमोठं भित्तिचित्र आहे. त्याला हुकुमातलेच शब्द दिलेत: ‘संपूर्ण समता’.

आता हुकुमात काय आहे ते बघा. पहिलं वाक्य सगळ्यांना माहीत असतं, की सर्व गुलाम मुक्त आहेत. पुढे म्हटलंय, मालक आणि गुलाम यांच्यात हक्कांची आणि मालमत्तेची संपूर्ण समता राहील आणि यापुढे त्यांचं नातं मालक आणि मजूर असं राहील. आणि शेवट असा: मुक्त झालेल्यांनी आपल्या सध्याच्या घरीच शांतपणे राहावं आणि मजुरीवर काम करावं, त्यांना लष्करी ठाण्यांवर जमू दिलं जाणार नाही, आणि आळसात बसलेल्यांना कुठेही पोसलं जाणार नाही.

‘सध्याचं घर’ म्हणजे मालकाच्या मळ्यावरची झोपडी. त्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या फुकट कापूस वेचला, आणि सुटकेच्या पहिल्याच कागदावर त्यांना आळशी ठरवून ठेवलं. शेवटची ओळ वाचून झाली की गर्दीतून एक हुंकार येतो. तरीही ती ओळ गाळत नाहीत. सगळा हुकूम वाचतात. मला विचाराल तर त्या दिवसाचा गाभा हाच आहे.

ह्यूस्टनमधली गोष्ट याहून मोठी वाटते मला. सण साजरा करायला जागा मिळेना, तेव्हा 1872 साली रेव्हरंड जॅक येट्स आणि त्यांच्या साथीदारांनी वर्गणी काढून 10 एकर जमीन विकत घेतली. सात वर्षांपूर्वी जे स्वतः विकले जात होते त्यांनी! तीच आजची इमॅन्सिपेशन पार्क. पुढे वर्णभेदाच्या काळात कित्येक वर्षं काळ्या लोकांना शहरातली हीच एक बाग खुली होती. आज तिथे शेगड्या पेटतात, ढोल वाजतात, म्हातारे खुर्च्या टाकून दिवसभर बसतात. बाजूला मतदार नोंदणीचं टेबल असतं, रक्तदाब तपासायची सोय असते. घराघरांतले दूरचे नातेवाईक त्या दिवशी जमतात, आपल्याकडे चतुर्थीला जमतात तसे. खाणं बरंचसं लाल असतं: कलिंगड, लाल सोडा, लाल केक, धुरावर भाजलेलं मांस. लाल रंग सांडलेल्या रक्ताची आठवण, असं आमच्या बाई सांगतात. आफ्रिकेतल्या जास्वंदीच्या लाल पेयाशीही त्याचं नातं जोडतात.

आणि ओपल ली यांच्याबद्दल मुलांना जरूर सांगा. फोर्ट वर्थच्या. त्या बारा वर्षांच्या असताना, 1939 सालच्या नेमक्या 19 जूनला, गोऱ्या जमावाने त्यांचं घर उद्ध्वस्त केलं, कारण कुटुंब गोऱ्यांच्या वस्तीत राहायला आलं होतं. त्यांनी शिक्षिका म्हणून काम केलं. वयाच्या 89 व्या वर्षी हा दिवस राष्ट्रीय सुटी व्हावा म्हणून त्या चालत निघाल्या. प्रत्येक ठिकाणी अडीच मैल चालायच्या, अडीच वर्षांच्या उशिरासाठी. टेक्सस राज्यात सुटी 1980 पासून होती, देशभर ती 2021 साली झाली, त्या कायद्यावर सही होताना त्या हजर होत्या. त्याही तुमच्यासारख्याच मास्तरीणबाई.

---

जुनी कागदपत्रं, पणजी

‘अमेरिकेतल्या लोकांचा सण आपण कशाला’ या प्रश्नाचं उत्तर गोव्याच्या इतिहासातच आहे, म्हणून लिहितो.

1580 च्या दशकात लिन्सखोटेन हा डच माणूस गोव्यात होता, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पिरार्ड हा फ्रेंच आला. दोघांनीही गोव्यातला गुलामांचा बाजार लिहून ठेवलाय. बाई म्हणतात तोच रस्ता, रुआ दिरेइता. सकाळच्या लिलावात घोडे, गालिचे, दागिने आणि त्यांच्याबरोबर माणसं. मोझांबिकचा कारभार 1752 पर्यंत गोव्यातूनच चालत असे. दीव-दमणचं कापड तिकडे जायचं, हस्तिदंत आणि माणसं इकडे यायची. सगळे आफ्रिकी नव्हते. इथल्याच मुलुखातली, बंगालातली, पार चीन-जपानातली माणसंही विकली गेली.

आता सुटकेच्या तारखा. 1761 साली पोर्तुगालमध्ये नव्याने गुलाम नेण्यावर बंदी आली, पण ती फक्त पोर्तुगालपुरती, वसाहतींना नाही. 10 डिसेंबर 1836 च्या फर्मानाने गुलामांची निर्यात बंद झाली, निदान कागदोपत्री. आणि 25 फेब्रुवारी 1869 रोजी साऱ्या पोर्तुगीज मुलुखातली गुलामगिरी रद्द झाली. पण कशी? गुलाम त्या दिवसापासून ‘लिबेर्तो’, म्हणजे मुक्त केलेला, झाला आणि 1878 पर्यंत आधीच्याच मालकाची चाकरी करायला बांधलेला राहिला. 1875 च्या कायद्याने ही मुदत आधी संपवली, पण त्यानंतरही आफ्रिकेतल्या वसाहतींत सक्तीच्या मजुरीचे नियम होतेच.

डिचोलीच्या ताईंनी दिलेला हुकुमाचा शेवट आणि हे फर्मान शेजारी शेजारी ठेवून वाचा. दोन्हीकडे सुटका देताना मालकाला मजूर मिळत राहतील याची सोय आधी पाहिलीय.

फरक एवढाच की तिथे त्या तारखेभोवती माणसं जमली. 25 फेब्रुवारीला गोव्यात कोणी जमताना मी पाहिलेलं नाही. त्यामुळे बाई, 19 जून जरूर करा, पण फळ्यावर 25 फेब्रुवारी 1869 हीसुद्धा तारीख लिहा.

---

म्हापशेकर

उपक्रम चांगला आहे. पण दोष सगळा फिरंग्यांवर टाकून मोकळे होऊ नका, एवढंच सांगायचंय.

मराठी माणूस म्हणून अभिमानाने सांगावं असं एक आहे. 1677 साली दक्षिणेच्या स्वारीत शिवाजी महाराजांनी डचांना कौल दिला, त्यात स्पष्ट बजावलं की पूर्वीच्या राजवटीत तुम्ही इथून स्त्री-पुरुष गुलाम विकत घेऊन नेत होता, माझी सत्ता असेतो ते चालणार नाही. हे मुलांना सांगाच. पण पुढचंही सांगा: पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींची, म्हणजे गुलाम बायकांची, खरेदी-विक्री आहे, त्यांच्या किमती आहेत. महाराजांचा कौल सांगायचा आणि कुणबिणी लपवायच्या, हे इतिहासाच्या मास्तरीणबाईंना शोभणार नाही. तुम्ही तसं करणार नाही याची खात्री आहे.

दुसरं. ‘सध्याच्या घरीच राहा आणि मजुरी करा’ हे वाचून मला मुंडकार आठवले, म्हणजे जमीनदाराच्या जागेत घर करून राहणारे. माझे आजोबा भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, भाटात राहायचे. घर स्वतः बांधलेलं, पण जमीन त्याची. भाटकाराने बोलावलं की हातातलं काम टाकून जायचं. नारळ पाडायला, घरच्या लग्नात राबायला, चतुर्थीला माटोळी बांधायला. आजोबा त्याच्यासमोर कधी बसले नाहीत. 1961 साली गोवा मुक्त झाला तेव्हा ते मुक्त झाले का? मुंडकार कायदा 1975 साली आला. माझ्या वडिलांनी मामलेदाराकडे खेपा घातल्या तेव्हा कुठे घराखालची जमीन नावावर झाली, आणि असे दावे अजूनही पडून आहेत.

मुंडकार म्हणजे गुलाम असं मी म्हणत नाही. माझ्या आजोबांना कोणी लिलावात विकलं नाही, त्यांची मुलं त्यांच्यापासून तोडून जहाजावर चढवली नाहीत. हा फरक फार मोठा आहे, तो पुसू नये. पण कागदावरची सुटका आणि पायाखालची जमीन यांत किती अंतर असतं, हे सत्तरीतल्या मुलाला टेक्ससपेक्षा यातून लवकर कळेल.

---

घाटावरचा शिक्षक

मी हल्याळ तालुक्यात शिकवतो. माझ्या वर्गात सिद्दी मुलं आहेत. म्हणून नाचाच्या पथकाबद्दल मला बोलायलाच हवं.

आधी एक गोंधळ दूर करतो. महाराष्ट्रात सिद्दी म्हटलं की लोकांना जंजिरा आठवतो, फार तर मलिक अंबर. ते सरदार झाले, किल्ले राखले. उत्तर कन्नडचे सिद्दी त्या सरदारांचे वंशज नव्हेत. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला या भागांतल्या रानात त्यांची घरं आहेत. यांतल्या बऱ्याच जणांचे पूर्वज गोव्यातल्या मालकांकडून पळून घाट चढून आले. कोणाचा हुकूम आला नाही, कोणी जनरल आला नाही. पायाने सुटले. घरी बोलतात ती भाषा कोकणी-मराठीला जवळची, तुम्हाला सहज समजेल. त्यांत हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत. अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो 2003 साली. 2020 साली शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले, या समाजातले पहिलेच. त्या बातमीचं कात्रण आमच्या वर्गात अजून भिंतीवर आहे.

दमाम नावाचा ढोल वाजवून ते नाचतात, ते खरं आहे आणि ते सुंदर आहे. पण त्यांना बोलावणं येतं ते बहुधा तेवढ्यासाठीच. अंगाला पानं बांधा, तोंड रंगवा, ‘आफ्रिकन डान्स’ करा, जेवा आणि परत जा. माझा एक माजी विद्यार्थी पदवीधर आहे. गोव्यातल्या एका हॉटेलात त्याला याच कामाला बोलावलं होतं. त्याने मला विचारलं, ‘सर, मी तिथे हिशेब लिहू शकलो असतो, ते कोणी का विचारत नाही?’ त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही.

तेव्हा बोलवायचंच असेल तर बोलायला बोलवा. जाण्या-येण्याचा खर्च आणि त्या दिवसाची मजुरी द्या, कारण 19 जून म्हणजे पेरणीचे दिवस, शेत सोडून यावं लागतं. व्यासपीठावर तुमचे अध्यक्ष बसतात त्याच रांगेत खुर्ची द्या. आमच्याकडच्या बायका जुन्या साड्यांच्या, कपड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवतात, कवंद म्हणतात तिला. ती दाखवायला त्यांना आवडतं, आणि ती विकत घ्यायलाही माणसं हवीत. त्यांना वाटलं तर शेवटी दमाम वाजेल. त्यांना वाटलं तर.

त्याहून बरं म्हणजे तुम्हीच या. अनमोड घाटाने रामनगर, तिथून पुढे हल्याळ. पावसाळा ओसरल्यावर दहा-बारा मुलं घेऊन या, शाळेत राहायची सोय मी करतो.

---

म्हापशेकर

सरांना दंडवत. हे सगळं मी आज घरात वाचून दाखवलं.

---

डिचोली ते ह्यूस्टन

सरांनी लिहिलंय त्यावरून आणखी एक. इथेही आता मोठ्या दुकानांत जून महिन्यात या सणाच्या नावाच्या पेपर प्लेट मिळतात. आमच्या बाईंना ते मुळीच आवडत नाही. त्या म्हणतात, ज्या काळी सण करायला मालकाची परवानगी लागायची तेव्हाही आम्ही नदीकाठी तो केला, तो दुकानातून विकत घ्यायचा नाही. त्यांच्याकडे त्या दिवशी एक रीत आहे. जेवायला बसण्याआधी घरातलं सगळ्यात लहान मूल, आठवतात तेवढ्या पूर्वजांची नावं म्हणतं. सहाव्या-सातव्या नावानंतर यादी थांबते, कारण त्यामागच्या माणसांची नावं कुठे लिहिलेलीच नाहीत. हिशेबाच्या वहीत फक्त वय आणि किंमत. तिथे मूल थांबतं आणि म्हणतं, ‘आणि बाकीचे सगळे.’

---

सत्तरीची मास्तरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल कमिटीची बैठक झाली, सरांचा मजकूर मी तिथे पूर्ण वाचला. पथकाचा विषय तिथेच मिटला. ज्यांनी तो सुचवला होता त्यांनीच, सहलीच्या गाडीचा खर्च मी देतो, असं सांगितलं. दिवाळीनंतरचा शनिवार-रविवार धरून आम्ही हल्याळला येतो. सर, तुम्हाला वेगळा निरोप पाठवते. किती गोधड्या विकत घेता येतील तेही मला आधी कळवा, म्हणजे तेवढे पैसे गोळा करून आणते.

19 जूनला असं ठरवलंय. दुपारी साडेतीनला सुरुवात. ग्रेंजरचा हुकूम मराठीत, शेवटच्या ओळीसकट. दहावीतली एक मुलगी वाचणार आहे. आवाज खणखणीत आहे आणि तिने कालच दोनदा वाचून दाखवला. ‘आळसात बसलेल्यांना’ या शब्दांवर ती थांबली आणि मला म्हणाली, बाई, हे असं का लिहिलंय? मी म्हटलं, हाच प्रश्न वाचन झाल्यावर सगळ्यांसमोर विचार. त्यानंतर 1869 चं फर्मान आणि रुआ दिरेइताचा लिलाव, ते मी सांगेन. कौल आणि कुणबिणी दोन्ही सांगेन, एकाच दमात. ओपल ली यांची गोष्ट आठवीची मुलं सांगतील. खाणं म्हणून कलिंगड जूनमध्ये चांगलं मिळेलसं वाटत नाही, तेव्हा कोकम सरबत आणि उकडलेल्या शेंगा.

मुंडकारांचा विषय मात्र या दिवसात बसवणार नाही. म्हापशेकरांनी स्वतःच फरक सांगितलाय, आणि दोन्ही एकत्र घेतले तर आमच्याकडची माणसं पहिल्या अर्ध्या तासात आपापल्या दाव्यांवर येतील आणि विकली गेलेली माणसं बाजूला राहतील. त्यासाठी वेगळा दिवस ठेवूया. म्हापशेकर, तुम्ही याल का बोलायला? आजोबांचं जे लिहिलंत तेच बोला. वाळपईच्या स्टँडवर घ्यायला माणूस पाठवते.

पणजीच्या सरांना एक विनंती: 1869 च्या फर्मानाचा पोर्तुगीज मजकूर तुमच्याकडे असेल तर त्याची प्रत द्या. आमच्या गावात पोर्तुगीज शिकलेले एक आजोबा आहेत, त्यांच्याकडून मराठी करून घेते. त्याच्या छपाईला चार दिवस तरी लागतील, तेव्हा 10 तारखेच्या आत मिळालं तर बरं.

---

जुनी कागदपत्रं, पणजी

आहे. सोमवारी स्कॅन करून पाठवतो. अक्षर बारीक आहे, आजोबांसाठी मोठं करूनच देतो.